पेसमेकरनंतरचा डावा हात: किती हलवायचा, कधीपासून, कुठे थांबायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ६६ वर्षांच्या, सदाशिव पेठेत राहतात. पूर्ण हार्ट ब्लॉक निघाला, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला विजेचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोचत नव्हता, चक्कर येऊन दोनदा पडल्या, म्हणून डाव्या बाजूला दोन तारांचा पेसमेकर बसवला. त्याला आज १२ दिवस झाले. घरी सोडताना 'सहा आठवडे हात वर करायचा नाही' असं सांगितलं, तेव्हापासून त्यांनी हात गळ्यातल्या झोळीतून बाहेर काढलेला नाही. आता खांदा ठणकतो, रात्री झोप लागत नाही. ओळखीचे फिजिओथेरपिस्ट म्हणतात, हलवला नाही तर खांदा जखडेल. ऐकायचं कोणाचं, व्यायाम कोणते, आणि आई पुन्हा स्कूटर कधी चालवणार?

दोघांचंही ऐका, कारण दोघांच्या सांगण्यात विरोध नाही. हॉस्पिटलने 'वर करू नका' म्हटलं होतं. घरी पोचेपर्यंत त्याचं 'हलवू नका' झालं, एवढाच घोळ आहे. झोळी आजच काढा. ती पहिल्या रात्रीपुरती, फार तर २४ तासांसाठी असते, तीही झोपेत हात डोक्यावर जाऊ नये याची आठवण म्हणून. १२ दिवस कोपर वाकवून पोटाशी धरलेला कोणाचाही हात दुखेल, पेसमेकर असो वा नसो. सुरुवात करण्याआधी ज्यांनी पेसमेकर बसवला त्यांना एक फोन करून एवढंच विचारा: 'तारा नेहमीसारख्या पक्क्या बसल्या आहेत ना, हातासाठी काही वेगळी सूचना आहे का?' उत्तर बहुधा 'वेगळं काही नाही' असंच येईल. पण आईंना पूर्ण ब्लॉक होता, म्हणजे त्यांचं हृदय या यंत्रावर बरंच अवलंबून असू शकतं. म्हणून विचारलेलं बरं.

आत काय बसवलंय ते एकदा कळलं की सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. हासळीच्या हाडाखाली चार-पाच सेंटिमीटरचा छेद घेतात आणि कातडी व छातीचा मोठा स्नायू यांच्यामध्ये एक पॉकेट तयार करतात. त्यात साधारण २५ ते ३० ग्रॅमचं यंत्र बसतं. यंत्राला जोडलेल्या तारा, म्हणजे लीड्स, हासळीखालच्या शिरेतून हृदयात जातात. एक उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, दुसरी खालच्या. आजकालच्या बहुतेक तारांच्या टोकाला बारीक मळसूत्र असतं, ते हृदयाच्या आतल्या बाजूला फिरवून बसवतात. दुसरीकडे, जिथे तार शिरेत शिरते तिथे तिच्यावर सिलिकॉनची छोटी नळी चढवून ती खालच्या स्नायूला दोऱ्याने बांधतात. म्हणजे तार दोन्ही टोकांना धरलेली आणि मध्ये मुद्दाम थोडी सैल सोडलेली असते. श्वास, खोकला, उठणं-बसणं, हाताची साधी हालचाल हे सगळं त्या सैलपणात सामावतं.

हृदयातल्या टोकाभोवती पहिले काही दिवस सूज असते. मग तिथे हळूहळू चिवट ऊती तयार होऊन टोक पक्कं धरलं जातं. याला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तुम्हाला सांगितलेले सहा आठवडे इथून आले. सूज जास्त येऊ नये म्हणून तारेच्या टोकात थोडं स्टिरॉइडही भरलेलं असतं. सुरुवातीला यंत्राचा विद्युतदाब मुद्दाम जास्त ठेवतात, कारण सूज असताना हृदयाला ठोका द्यायला जास्त जोर लागतो. पुढे दोन-तीन महिन्यांनी तपासून तो कमी करतात, म्हणजे बॅटरी जास्त वर्षं टिकते. पहिल्या मोठ्या तपासणीला 'आईंना बरं वाटतंय की' म्हणून दांडी मारणाऱ्यांची बॅटरी त्यामुळे विनाकारण लवकर संपते.

आता तार सरकण्याची भीती. असं होतं, पण साधारण शंभरात एक ते तीन जणांना, आणि बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांतच. वरच्या कप्प्यातली तार खालच्यापेक्षा जास्त वेळा सरकते. कारणं बहुतेकदा हाताबाहेरची असतात: मळसूत्राची पकड नीट लागली नाही, सैलपणा कमी-जास्त राहिला, सिलिकॉनच्या नळीवरची गाठ ढिली बसली. शस्त्रक्रिया आडवं झोपवून होते. माणूस उभा राहिला की श्वासपटल आणि हृदय खाली येतं आणि तारेतला सैलपणा कमी होतो. भरलेल्या अंगाच्या बायकांमध्ये उभं राहिल्यावर स्तनाच्या वजनाने कातडी आणि पॉकेटही खाली ओढलं जातं, याचा विचार फार कमी वेळा होतो. म्हणून जखम वाळल्यावर दिवसा नीट आधार देणारी, रुंद पट्ट्याची ब्रा वापरणं चांगलं. पट्टा यंत्रावर रुतत असेल तर खाली मऊ रुमालाची घडी ठेवा.

या सगळ्यात हाताचा वाटा किती? हात ताणून डोक्यावर नेणं, झटका आणि वजन, एवढाच. खांद्याच्या पातळीखाली हळूहळू केलेल्या हालचालीने तार सरकत नाही. वेगवेगळ्या देशांत यावर लहान-लहान चाचण्या झाल्या आहेत. लवकर सौम्य व्यायाम सुरू केलेल्यांमध्ये तारा जास्त सरकल्या नाहीत, खांदेदुखी मात्र कमी झाली. माझं स्पष्ट मत विचाराल तर घरोघरी जास्त नुकसान भीतीने गप्प ठेवलेल्या हातामुळे होतं. सरकलेली तार पहिल्या दिवसांत पुन्हा जागेवर बसवता येते. जखडलेला खांदा मोकळा व्हायला कधी वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. मधुमेह असेल तर खांदा जखडण्याची शक्यता आणखी जास्त. तुम्ही आईंच्या साखरेबद्दल काही लिहिलेलं नाही. असेल तर आजचा दिवसही वाया घालवू नका.

सहा आठवड्यांसाठी नियम तीनच. डावं कोपर खांद्याच्या रेषेच्या वर न्यायचं नाही. डावा हात पाठीमागे जोराने न्यायचा नाही. आणि त्या हाताने ओढणं, ढकलणं, वजन उचलणं, झटका देणं नाही. बाकी सगळं चालतं. हाताचा पंजा तोंडापर्यंत, नाकापर्यंत, चष्म्यापर्यंत जाऊ द्या. पंजा कुठे आहे यापेक्षा कोपर कुठे आहे ते बघायचं. जेवणं, पेपर वाचणं, भाजी निवडणं, मोबाइल पाहणं, पूजेची फुलं वाहणं, यांपैकी कशालाही मनाई नाही. झोपेत एखादवेळी हात डोक्याखाली गेलेला आढळला तर घाबरू नका, सकाळी खाली घ्या आणि विसरा. एकदा वर गेल्याने तार उपटून येत नाही.

व्यायाम. आईंचे १२ दिवस झाले असले तरी सुरुवात पहिल्या पायरीपासून करा, फक्त पायऱ्या भराभर चढा. पहिले दोन दिवस मूठ घट्ट आवळून सोडणं, मनगट गोल फिरवणं, कोपर पूर्ण सरळ करून पुन्हा वाकवणं, प्रत्येकी १० वेळा, जागेपणी दर दोन तासांनी. कोपर पहिल्यांदा पूर्ण सरळ करताना पुढच्या बाजूला ताण बसेल, तो झोळीमुळे आहे. त्याबरोबर दोन्ही खांदे कानांकडे थोडेसे उचलून सोडायचे आणि पाठीच्या दोन्ही फऱ्या, म्हणजे खांद्यामागची चपटी हाडं, हलकेच एकमेकींकडे ओढून पाच अंक मोजायचे, तेही १० वेळा. फऱ्यांचा हा व्यायाम क्षुल्लक वाटतो, पण पुढे झुकून, छाती आत ओढून बसायची जी सवय ऑपरेशननंतर लागते ती यानेच सुटते. निम्मी खांदेदुखी त्या बसण्यातून आलेली असते. मान डावी-उजवी वळवणंही करा.

तिसऱ्या दिवसापासून लोंबता हात. उजवा हात डायनिंग टेबलावर टेकवून कमरेतून थोडं पुढे वाका, डावा हात सैल लोंबकळू द्या आणि अंग हलवून त्या हाताचं ताटलीएवढं वर्तुळ होऊ द्या. हाताने वर्तुळ काढायचं नाही, अंगाच्या हालचालीने ते व्हायला हवं. स्नायू आवळले की व्यायामाचा उपयोग गेला. १० वेळा एका दिशेने, १० वेळा उलट, दिवसातून तीनदा. वाकल्यावर चक्कर येत असेल तर खुर्चीत बसून करा आणि चक्करबद्दल डॉक्टरांना कळवा.

त्याच दिवसापासून आणखी एक, आणि हा सर्वांत महत्त्वाचा. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून ९० अंशांत वाकवा, अंगठे वर. आता कोपरं न हलवता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला उघडा, दार उघडावं तसे. दोन्ही बाजू सारख्या उघडतात का ते आरशात बघा. खांदा जखडायला लागतो तेव्हा सर्वांत आधी हीच हालचाल कमी होते, हात वर जाणं त्यानंतर. म्हणून हा व्यायामही आहे आणि परीक्षाही. कोपर अंगालगत असल्यामुळे तारेवर ताण येत नाही. १० वेळा, दिवसातून तीनदा. आईंचा डावा पंजा उजव्यापेक्षा थोडा कमी उघडत असेल तर तो हात बांधून ठेवल्याचा आखडलेपणा आहे, आठ-दहा दिवसांत सुटतो. अगदीच निम्म्यावर अडत असेल आणि दोन आठवड्यांच्या व्यायामानेही फरक पडला नाही, तर फिजिओथेरपिस्टकडे प्रत्यक्ष दाखवा.

पुढच्या आठवड्यात टेबलावर हात सरकवणं. खुर्चीत बसून डावा पंजा टेबलावर एका फडक्यावर ठेवायचा आणि फडकं पुढे सरकवत न्यायचं, ताण जाणवला की थांबून पाच अंक मोजायचे, परत यायचं. मग भिंत. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी चालत वर जायचं, पण फक्त खांद्याच्या उंचीपर्यंत. त्या उंचीवर भिंतीला एक टिकली लावून ठेवा. टिकलीच्या वर सहा आठवड्यांची तपासणी होईपर्यंत जायचं नाही, कितीही सोपं वाटलं तरी.

ताण चालेल, कळ चालणार नाही. व्यायामानंतर अर्ध्या तासात थांबणारं दुखणं ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळीही राहत असेल तर वेळा कमी करा, बंद करू नका. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिली असेल तर व्यायामाच्या अर्धा तास आधी घेतली की काम सोपं होतं. दुकानातून दुसऱ्या वेदनाशामक गोळ्या आणून देऊ नका. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर त्यांनी पॉकेटमध्ये रक्त साचू शकतं, आणि किडनी किंवा हृदय कमजोर असेल तर वेगळेच प्रश्न उभे राहतात. मात्र रक्त पातळ करणारी गोळीही स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

शेकाचं विचारलं नाहीत, पण घरात कोणीतरी पिशवी गरम करायला घेईलच. खांद्याच्या मागच्या बाजूला, फरीवर, १० मिनिटं कोमट शेक चालेल. यंत्रावर आणि जखमेवर नाही. तेल लावून मालिश करणाऱ्या बाईंना आणि हाडवैद्याला सध्या नमस्कार. हात धरून खसकन वर ओढायचा प्रकार या सहा आठवड्यांत सर्वांत घातक. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेलात तर दारातच सांगा की पेसमेकर आहे. खांदेदुखीसाठी तिथे सर्रास लावतात ती शॉर्ट वेव्ह डायथर्मी, म्हणजे विद्युतलहरींनी आतून दिलेला शेक, पेसमेकरवाल्यांना अजिबात चालत नाही. विजेचे चिमटे देणारी यंत्रं, म्हणजे टेन्स आणि आयएफटी, हृदयतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावू द्यायची नाहीत. त्या लहरी हृदयाच्याच आहेत असं समजून पेसमेकर ठोका देणं थांबवू शकतो. चुंबकाच्या खांदापट्ट्या विकायला येतात, त्या घरात आणूच नका.

आता घरातलं. सर्वांत मोठी चूक घरचे लोक प्रेमापोटी करतात: उठवताना काखेत हात घालून वर ओढतात. त्याने खांदा एकदम वर जातो आणि सगळं वजन तिथे येतं. आईंनी उजव्या कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, उजव्या कोपरावर आणि मग उजव्या पंजावर जोर देऊन उठायचं. मदत करायचीच असेल तर पाठीमागे, फऱ्यांच्या मध्ये हात ठेवून आधार द्या. वाड्यातल्या जुन्या घरात भारतीय बैठकीचं शौचालय असेल तर सहा आठवड्यांसाठी खुर्चीचा कमोड आणा, कारण उठताना बाजूच्या कडीला लटकून दोन्ही हातांनी ओढलं जातं. काठी उजव्या हातात धरायची. कोणाच्या आईवडिलांना वॉकर लागत असेल तर चार पायांच्या, उचलून टेकवायच्या वॉकरपेक्षा पुढे चाकं असलेला बरा, आणि ही गोष्ट घरी सोडण्याआधीच डॉक्टरांना सांगायला हवी.

कपडे घालताना आधी डावा हात, काढताना डावा हात शेवटी. पुढून बटणं असलेला सैल ब्लाउज किंवा गाऊन. मागे हूक असलेला ब्लाउज आणि ब्रा कोणीतरी लावून द्यायची, किंवा ब्राचे हूक पुढे लावून मग ती फिरवून घ्यायची. अंबाडा स्वतः घालायचा नाही, त्यात दोन्ही कोपरं सरळ वर जातात. वेणी खांद्यावरून पुढे घेऊन घालता येते, तीही उजव्या हाताचा जोर जास्त ठेवून. पर्सचा पट्टा डाव्या खांद्यावर नको.

स्वयंपाकघरात वजनाचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो. छापील सूचनांत बहुतेक ४ ते ५ किलोची मर्यादा असते. मी त्याहून कडक सांगेन: दोन आठवड्यांपर्यंत डाव्या हाताने १ किलो, म्हणजे पाण्याने भरलेली लिटरची बाटली, आणि पुढे सहा आठवड्यांपर्यंत २ किलो. कारण ५ लिटरचा कुकर वरण-भातासकट सहज ४-५ किलो होतो, आणि बायकांना तो 'काही जड नाही' असंच वाटत असतं. भरलेली बादली १५ ते २० किलो. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस, शिवाय टाकीचं स्वतःचं वजन जवळपास तेवढंच, त्यामुळे तो सरकवायचासुद्धा नाही. पोळ्या लाटणं दोन आठवड्यांनंतर चालेल, ओटा कमरेइतका असल्याने कोपर खालीच राहतं. कणीक मळणं मात्र सहा आठवड्यांपर्यंत दुसऱ्याने करावं, कारण त्यात अंगाचा भार पंजावर येतो. नारळ खवणं, कुकरचं घट्ट झाकण लावणं, बरणीचं अडकलेलं झाकण उघडणं, यातही तोच भार. माळ्यावरचे डबे नाहीत. छताच्या दोरीवर काठीने कपडे टाकणं नाही, कमरेइतका स्टँड वापरा. उकिडवं बसून डाव्या हातावर टेकून फरशी पुसणं नाही. मंडईतल्या पिशव्या उजव्या हातात, आणि त्याही दोन फेऱ्यांत.

इंडक्शनची शेगडी असेल तर तिच्यापासून यंत्र साधारण ६० सेंटिमीटर लांब राहील असं उभं राहा, म्हणजे भांड्यावर वाकायचं नाही. गॅस, मिक्सर, फ्रिज, टीव्ही यांची चिंता नको. मोबाइल डाव्या खिशात किंवा ब्लाउजमध्ये खोचायचा नाही, यंत्रापासून १५ सेंटिमीटर दूर, उजव्या कानाला. मेट्रो किंवा मॉलच्या कमानीतून न थांबता चालत जा, हातातला धातुशोधक यंत्रावर फिरवू देऊ नका, पेसमेकरचं ओळखपत्र, म्हणजे कार्ड, दाखवा. ते कार्ड पर्समध्ये कायम.

जखम. टाके विरघळणारे आहेत की काढायचे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. काढायचे असतील तर साधारण ७ ते १० दिवसांत काढतात, तेव्हा १२ दिवस झाले असल्याने लगेच विचारा. खपली निघेपर्यंत त्यावर पावडर, हळद, तेल, मलम काही नको. वाळल्यावर पाणी वाहू द्या, चोळू नका. सुरुवातीची काळीनिळी झाक छातीवरून खाली उतरते, ती दोन-तीन आठवड्यांत जाते. पण पॉकेट टणक फुगून वर आलं, कातडी चकचकीत ताणली, लाल-गरम झाली किंवा एक थेंबही पाणी आलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. गल्लीतल्या दवाखान्यात 'सुई घालून पाणी काढू' म्हणाले तर काढू द्यायचं नाही. सुईबरोबर जंतू आत गेले तर यंत्र आणि तारा, सगळंच काढायची वेळ येते.

तापाचंही असंच. पावसाळ्यात पुण्यात डेंग्यूपासून साध्या विषाणूपर्यंत कशानेही ताप येतो, त्यामुळे प्रत्येक ताप पेसमेकरचा नव्हे. पण १००.४ अंश फॅरनहाइटच्या वरचा ताप, विशेषतः थंडी वाजून, आला तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी, घ्यायला सांगा. आधी गोळ्या घेतल्या तर कल्चरमध्ये जंतू दिसत नाही आणि पुढचे आठवडे अंधारात जातात.

तार सरकली तर ते कसं कळेल? पूर्वीसारखी चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, धाप. न थांबणारी उचकी, किंवा बरगडीखाली ठोक्याच्या तालात फडफड: तार श्वासपटलाला किंवा त्याच्या मज्जातंतूला झटके देत असते. नाडी एक पूर्ण मिनिट मोजायला शिका. यंत्राचा किमान वेग कार्डावर किंवा रिपोर्टवर लिहिलेला असतो, बहुधा ६० च्या आसपास. नाडी पुन्हा पुन्हा त्याच्या बरीच खाली लागत असेल तर ईसीजी काढा. मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणं वेगळं, त्याने मोजणी कमी येऊ शकते. काही यंत्रांत रात्रीचा वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो, तेही विचारून घ्या. डावा हात अख्खा सुजला, जड किंवा निळसर झाला तर शिरेत गाठ झालेली असू शकते. बेशुद्ध पडल्यास घरगुती उपाय न करता रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन.

यंत्र हाताने चाचपून बघायची, फिरवायची सवय काहींना लागते. ती वेळीच तोडा. सतत फिरवल्याने यंत्र पॉकेटमध्ये गोल फिरतं आणि तारा त्याभोवती गुंडाळल्या जाऊन हृदयातून ओढल्या जातात. १९६८ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेला हा प्रकार आजही अधूनमधून दिसतो.

हे सगळं आईंसारख्या नव्याने बसवलेल्या दोन तारांच्या यंत्राबद्दल आहे. फक्त बॅटरी संपली म्हणून यंत्र बदललं असेल तर तारा जुन्या, घट्ट रुजलेल्या असतात. तिथे जखम भरेपर्यंतची काळजी पुरते, सहा आठवडे हात जपायचं कारण नाही. तीन तारांच्या यंत्रात डाव्या बाजूची तार शिरेत नुसती अडकवून ठेवलेली असते आणि सरकण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथे डॉक्टर सांगतील तीच मुदत. बिनतारेचा, मांडीच्या शिरेतून बसवलेला पेसमेकर असेल तर हाताला काहीच बंधन नाही.

सहा आठवड्यांनी तपासणी ठीक आली की टिकली काढायची आणि भिंतीवर दर दिवशी दोन-तीन सेंटिमीटर वर सरकायचं. पाठीमागे टॉवेल धरून वर-खाली ओढणं, पुलीवरचे व्यायाम इथून सुरू. दोन आठवडे असं केल्यावर अर्ध्या लिटरच्या बाटलीने वजन सुरू करा. तीन महिन्यांपर्यंत हात पूर्ववत व्हायला हवा. सूर्यनमस्कार आणि पंजांवर अंगाचा भार येणारी आसनं तीन महिन्यांनी, दोराला लटकण्याची आसनंही तेव्हाच आणि आधी विचारून. पोहणं जखम पूर्ण भरून सहा आठवडे झाल्याशिवाय नाही, फ्रीस्टाइल त्याहून उशिरा. चालणं मात्र पहिल्या आठवड्यापासून हवं तेवढं. पर्वतीच्या पायऱ्यांना हात लागत नाहीत, दम पाहून चढा. तरुण माणसांसाठी एक सूचना: खांद्यावर जड बार घेऊन वर्षानुवर्षं केलेल्या व्यायामात हासळी आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये तार चेपून तुटू शकते. जिममध्ये पूर्वीचे आकडे गाठण्याआधी डॉक्टरांशी बोला.

स्कूटर सहा आठवड्यांनंतर, तपासणीत यंत्र आणि तारा नीट आहेत हे दिसल्यावर, आणि पुन्हा चक्कर आलेली नसेल तरच. डाव्या हाताला ब्रेक, रस्त्याचे खड्डे, गतिरोधकाचा दणका, आणि तोल गेला की आपोआप डावा हात पुढे टेकतो, ही खरी भीती. त्यानंतरही तीन महिने मेन स्टँड लावायचा नाही, साइड स्टँडच. मागे बसून जायचं तर तीन-चार आठवड्यांनी, उजव्या हाताने धरून, हळू चालवणाऱ्याच्याच मागे. तोवर रिक्षा, आणि रिक्षातही दांडा उजव्या हाताने धरायचा. पीएमपीच्या बसमध्ये वरच्या कडीला डावा हात लावायचा नाही, जागा नसेल तर पुढची बस. गाडीत पुढच्या डाव्या सीटवर बसलं की पट्टा बरोबर डाव्या हासळीवरून, यंत्रावरून जातो. म्हणून आईंना मागे उजव्या बाजूला बसवा, तिथे पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. पुढेच बसायचं असेल तर पट्ट्याखाली टॉवेलची घडी ठेवा, पट्टा मात्र काढू नका. स्वतः गाडी चालवणाऱ्यांना आपल्याकडे पट्ट्याचा त्रास नाही, पण गिअर डाव्या हातानेच पडतो, त्यामुळे तिथेही डॉक्टरांची परवानगी आधी.